अकरा वर्षं टांगलेली शेपटी

हार्लन टीगच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर सव्वीस शेपट्या खिळ्यांना टांगलेल्या होत्या, आणि त्यातली एक वनेटा किसलिंगच्या नवऱ्याची होती. शेपटी म्हणजे शर्टाचा मागचा, पँटमध्ये खोचायचा तुकडा. हरणाच्या मोसमात कुणाचा नेम चुकला की बाकीचे त्याला धरून आणतात, शर्ट बाहेर ओढतात, कात्रीने तेवढा भाग कापतात आणि वर नाव-तारीख लिहून भिंतीवर ठोकतात. आमच्या दक्षिण इंडियानात हे कधीपासून चालत आलंय कुणाला ठाऊक. ज्याची कापली तो दोन दिवस तोंड लपवतो, मग स्वतःच हसायला लागतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याची कापायला पुढे होतो. एवढीशी गंमत आहे ती.

ऑर्व्हल किसलिंग मात्र त्यावर कधी हसला नाही, आणि त्याची बायको तर मुळीच नाही.

त्या भिंतीला एक नियमही होता, हार्लनच्या बापाने घालून दिलेला आणि दाराशेजारी पाटीवर रंगवलेला. शेपटी कापून झाल्यावर ते हरीण त्याच माणसाच्या गोळीच्या जखमेसकट सापडलं, तर शेपटी खाली उतरायची, आणि ज्याने ती कापली त्याची स्वतःची त्याच खिळ्यावर चढायची. उगाच कुणाची अब्रू घेऊ नये म्हणून केलेला नियम. पन्नास वर्षांत तो एकदाही वापरावा लागला नव्हता, त्यामुळे लोक त्या पाटीला टोप्या अडकवत असत.

वनेटा तशी मनात ठेवणारीच बाई. शाळेत एका मुलीने तिची वेणी बाकाला बांधून ठेवली होती. चाळीस वर्षांनी तीच बाई एक खुर्ची घेऊन तिच्या दारात आली, बैठक फाटली होती. वनेटाने ती शिवून दिली, झकास शिवून दिली, आणि हातात देताना एवढंच विचारलं, वेणी आठवते का. ती बाई बिचारी परत कधी त्या रस्त्याला फिरकली नाही. एकतीस वर्षं वनेटा खुर्च्यांच्या कारखान्यात चामड्याच्या बैठका शिवत होती. डोळे मिटून टाक्यावरून बोट फिरवलं की ती शिवणारणीचं नाव सांगायची, आणि टाका ढिला असेल तर त्या शिवणारणीच्या आईबापाचाही उद्धार करायची.

ऑर्व्हल उलट. दगडाच्या खाणीत काम, दिवसाला दहा वाक्यं बोलला तर खूप. हरणाची शिकार हेच त्याचं सुख. तीसुद्धा भिंतीवर मुंडकं मिरवायला नाही, दोघांना हिवाळाभर मांस पुरावं म्हणून. बाजारचं मांस वनेटाच्या घरात क्वचितच यायचं. एका वर्षी खाणीत उजव्या खांद्यावर दगड बसला आणि जाड छऱ्याच्या बंदुकीचा धक्का त्याला सोसेना. आमच्याकडे हरणाला लांब पल्ल्याची रायफल चालत नसे, घरं जवळजवळ म्हणून. छऱ्याच्या बंदुकीतून शिशाचा गट्टू मारायचा, एवढंच चालायचं. पण त्याच सुमारास कायदा बदलला. पिस्तुलाचं आखूड काडतूस ज्यात बसतं अशी कार्बाईन, म्हणजे छोटी, हलकी रायफल, हरणाला चालेल, असं सरकारने ठरवलं. ऑर्व्हलचं तोंड त्या दिवशी लहान पोरासारखं फुललं होतं. हलकी बंदूक, धक्का नाही, झाडीत फिरवायला सोपी. त्याने खाली-वर ओढायच्या कडीची एक कार्बाईन घेतली, थ्री-फिफ्टी-सेव्हन मापाच्या काडतुसाची.

आता काडतूस कोणतं घ्यायचं, हा प्रश्न होता. तेव्हा सगळ्यांनाच ते नवीन होतं. काडतुसाच्या पुढे बसलेली गोळी एका प्रकारची नसते. काहींचं नाक भरीव शिशाचं, सपाट. काहींचं पोकळ, वाडग्यासारखं उघडं, म्हणजे अंगात शिरल्यावर ती फुलावी. दिसायला पोकळ नाकाची जास्त जहाल. ऑर्व्हल विचारायला गेला तो अर्थात हार्लनकडे. हार्लन त्याचा मावसभाऊ, त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, आणि गावात बंदुकांचं एकच दुकान त्याचं, तिथेच तार आणि दाणाही मिळे. हार्लन म्हणाला, पिस्तुलाची गोळी ती पिस्तुलाची गोळी, त्यात काय बघायचं. जेवढं तोंड मोठं तेवढं भोक मोठं. त्याने फळीवरून पोकळ नाकाच्या पन्नास काडतुसांचं खोकं काढलं आणि झाकणावर पेन्सिलीने लिहिलं, ऑर्व्हल, हरणासाठी. वर सल्लाही दिला की खांद्यावर मार, जागेवर बसेल.

त्या वर्षी दोघांच्या शेतांमधल्या डोंगरकड्यावर एक मोठा नर फिरत होता. शिंगांना तेरा फाटे. ऑर्व्हलने तो सप्टेंबरपासून पाहून ठेवला होता, हार्लननेही. मोसमाच्या पहिल्या सकाळी, शनिवारी, तो ऑर्व्हलसमोर आला. तीस पावलांवर, डावा खांदा पुढे करून. ऑर्व्हलने बार काढला. नर गुडघ्यावर आला, उठला आणि गेला. पानांवर रक्ताचे चार थेंब, पुढे काही नाही. बाराच्या सुमाराला हार्लन आणि बाकीचे आले, त्यांनी थोडं इकडेतिकडे पाहिलं आणि हार्लनने निकाल दिला: नेम चुकला, फार तर खरचटलं असेल. तीस पावलांवरून चुकतो म्हणजे काय, असं म्हणून सगळे हसले. ऑर्व्हलचा शर्ट वनेटाने स्वतः शिवलेला होता, लाल-काळ्या चौकटीचा फ्लॅनेल. हार्लनने कात्री चालवली.

ऑर्व्हल रविवारी त्या हरणाला शोधत होता, सोमवारी शोधत होता. मंगळवारी खाणीतून रजा टाकून पुन्हा गेला, गुडघ्यावर बसून एकेक पान उलटत. संध्याकाळी घरी आला तेव्हा वनेटाने त्याच्या ढोपरांचा चिखल ओल्या फडक्याने पुसला. तो म्हणाला, ते कुठेतरी पडून आहे गं, आणि मी त्याला नुसतंच दुखवून ठेवलंय. मग तो रडला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, तिने त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. त्याच मंगळवारी हार्लनने तेरा फाट्यांचा नर आणला होता. एका गोळीत बसवला, छातीत, असं त्याने गावभर सांगितलं. खांद्यापर्यंतचं मुंडकं पेंढा भरून त्याच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर बसलं, आणि बरोबर त्याच्या हनुवटीखाली, मुद्दाम, ऑर्व्हलची शेपटी.

पुढे सात वर्षं लोकांना तेवढाच विषय. ऑर्व्हल कुंपणाची तार घ्यायला गेला तरी कुणीतरी म्हणायचं, अरे त्याला तार जवळून दाखवा, तीस पावलांवरून दिसायची नाही त्याला. त्यात मन दुखवायचं कुणाच्या मनात नसेलही. पण ऑर्व्हलने कार्बाईन कपाटात ठेवली ती पुन्हा काढली नाही. त्या नेमाबद्दल तो फक्त वनेटाशी बोलायचा, आणि दर वेळी तेच वाक्य: मी खांदा पाहिला होता गं. मग छातीत दगडाची धूळ साठून तो गेला. अंत्ययात्रेनंतर हार्लनने सगळ्यांसमोर तिचा हात धरून म्हटलं, फार भला माणूस, नेम तेवढा नव्हता. चार लोक मायेने हसले. वनेटाने हात सोडवून घेतला आणि घरी येऊन तो साबणाने धुतला.

त्यानंतरच्या वसंतात तिने कपाट आवरलं. कार्बाईन, बिनशेपटीचा शर्ट आणि पेन्सिलीने लिहिलेलं ते खोकं. पन्नासातली एक्केचाळीस काडतुसं शिल्लक. आठ नेम बसवायला गेली होती आणि एक त्या हरणावर. सात वर्षं बाजारचं मांस खाऊन विटलेल्या एकसष्ट वर्षांच्या वनेटाने स्वतःच बंदूक चालवायला शिकायचं ठरवलं. बाई एकदा ठरवलं की अर्धवट काही करत नसे. तिने जुनी वर्तमानपत्रं पाण्यात भिजवून हातभर जाड गठ्ठा बांधला, म्हणजे गोळी किती आत जाते ते दिसेल. आणि खाटकाकडून डुकराच्या खांद्याचं हाड आणून त्याच्यापुढे टांगलं, कारण हरणाला हाड असतं आणि वर्तमानपत्राला नसतं.

ऑर्व्हलच्या खोक्यातलं एक काडतूस तिने तीस पावलांवरून मारलं. हाड फुटलं. गठ्ठा उघडला तर चार बोटांत सगळा खेळ संपलेला. तांब्याच्या कवचाचे तुकडे, शिशाचा भुगा, आणि त्याच्यापुढे कागद कोराच्या कोरा. तिने पुन्हा मारलं. पुन्हा तेच. मग सपाट, भरीव नाकाची, जाड कवचाची गोळी आणून मारली. ती हाडातून गेली, हातभर गठ्ठ्यातून गेली आणि मागच्या मातीच्या बांधात रुतली.

वनेटा ओल्या कागदांत तशीच बसून राहिली. तिच्या ध्यानात आलं. पोकळ नाकाची गोळी बनते पिस्तुलाच्या आखूड नळीसाठी, तिथल्या वेगाला बरोबर फुलायला. तीच कार्बाईनच्या लांब नळीतून दीडपट वेगाने सुटते आणि हाडाला लागताच जागच्या जागी चुरा होते. म्हणजे ऑर्व्हलचा नेम बरोबर खांद्यावर बसला होता. गोळीच आत गेली नव्हती. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की हार्लनलाही तेव्हा कळलं नसेल. हे तिने स्वतःला आठवडाभर सांगितलं, कारण वनेटा मनात ठेवणारी असली तरी अन्यायी नव्हती.

मग ती दाणा आणायला दुकानात गेली आणि हार्लन मागच्या खोलीत पोतं काढत असताना शिडीच्या पायरीवर चढून त्या तेरा फाट्यांच्या मुंडक्याजवळ उभी राहिली. डाव्या खांद्याच्या पुढच्या अंगाला केस किंचित उलटे वळले होते. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. तिने बोट घातलं. सात टाके. आतून घातलेले, मेणाच्या दोऱ्याचे, भोक बुजवायला. हार्लन सांगत आला होता की एकच गोळी, छातीत. छाती तर तिथून वीतभर खाली होती. वनेटा पायरीवरून उतरली, दाण्याचं पोतं घेतलं, नमस्कार केला आणि गेली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

चार वर्षं ती गप्प राहिली. या चार वर्षांत ती काडतुसं भरायला शिकली. रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायची, धुवायची, पुन्हा दारू आणि गोळी बसवायची. शिवणारणीचा हात, एकासारखं दुसरं, केसाचा फरक नाही. दोन मोसमांत गावातले निम्मे कार्बाईनवाले तिच्याच हातची काडतुसं वापरायला लागले, कारण ती चुकत नसत. कुणी विचारलं तर ती सांगायची, हरणाला भरीव नाकच, खांद्यावर बेधडक मारा. पोकळ नाकाबद्दल मात्र ती कधी चकार शब्द बोलली नाही. तो शब्द तिने राखून ठेवला होता.

आणि शेवटी मागच्या सप्टेंबरात हार्लन तिच्या दाराशी आला. वय चौऱ्याहत्तर, खांद्याची शस्त्रक्रिया झालेली. म्हणाला, आता मलाही जाड बंदुकीचा धक्का सोसत नाही बघ, थ्री-फिफ्टी-सेव्हन घेतलीय. तुझ्या हातची पन्नास भरून देशील का. शिवाय त्याची मुलगी डार्ला, घटस्फोट होऊन माहेरी आलेली, यंदा पहिल्यांदा शिकारीला जाणार होती, तिलाही पन्नास. वनेटा म्हणाली, देते की. दार लावल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसली.

पहिला विचार सरळ होता. पोकळ नाकाची भरायची, द्यायची आणि गप्प बसायचं. हार्लनच्या डोळ्यात मोतीबिंदू. तो खोकं उघडून निरखणार नाही. शनिवारी तो बार काढेल, हरीण पळेल, आणि गावासमोर त्याची शेपटी ती स्वतः कापेल. तिने पन्नास भरलीसुद्धा. भरून ओळीने टेबलावर उभी केली, पन्नास उघडी तोंडं. मग तिला ऑर्व्हलचे चिखलाचे गुडघे आठवले. शेपटी त्याला लागली होती, पण रडला तो त्या जनावरासाठी. हार्लनवर सूड उगवायचा म्हणून एखादं हरीण तीन दिवस कुठल्यातरी ओढ्यात श्वास घेत पडून राहणार, आणि त्या जनावराने तिचं काय वाकडं केलं होतं? नाही. हे हार्लनच्या जातीचं काम होतं. तिला हार्लन हवा होता, तो सोलून हवा होता, पण त्याच्याच तोंडाने. तिने खुर्ची ओढली आणि डार्लासाठी आणखी पन्नास भरायला घेतली.

मोसमाच्या आदल्या शुक्रवारी दुपारी दुकानात सगळे जमतात. घेवड्याची उसळ, मक्याचा ब्रेड आणि डार्लाने केलेलं रानटेंभुर्णीचं पुडिंग. पंधरा-सोळा लोक होते. वनेटा कोटाखाली ऑर्व्हलचा बिनशेपटीचा शर्ट घालून आली, हातात कापडी पिशवी. व्हर्जिल प्रुएट, गावातला सगळ्यांत जुना शिकारी, तिला म्हणाला की ऑर्व्हलचा शर्ट घातलाय खरा, पण त्याचा नेम घालू नकोस. नेहमीप्रमाणे हसणं झालं. वनेटाही हसली.

तिने गल्ल्यावर पहिलं खोकं ठेवलं. म्हणाली, हार्लन, तुझी पन्नास. हार्लनने झाकण उघडून एक काडतूस चिमटीत धरलं, बोट नाकावरून फिरवलं. मोतीबिंदू डोळ्यात होता, बोटात नव्हता. ते बोट त्या पोकळ तोंडात अडकलं आणि थांबलं. वनेटा त्याच्या कानांकडे बघत होती. कान हळूहळू लाल झाले. हार्लनला ठाऊक आहे, हे तिला तिथेच कळलं, पण ते फक्त तिला कळून भागणार नव्हतं. हार्लनने झाकण लावलं, वनेटाचे आभार मानले आणि खोकं गल्ल्याखाली सरकवलं. शनिवारी फळीवरचं दुसरं घेऊन जाईल, झालं. तो मूग गिळून बसणार हे तिने धरलंच होतं.

म्हणून तिने दुसरं खोकं काढलं आणि डार्लाच्या हातात दिलं. डार्ला पट्ट्यात काडतुसं भरायला लागली, एक, दोन, तीन. आनंदात होती. व्हर्जिल तिला सांगत होता की वनेटाच्या हातची आहेत, आता हरणाने स्वतःच खाली पडलं पाहिजे. हार्लनचं लक्ष त्याच्या हातातल्या उसळीच्या वाटीवर नव्हतंच.

"डार्ला, ती राहू दे. मी दुसरी देतो," तो म्हणाला.

डार्लाने विचारलं, का. हार्लन म्हणाला, जुनी असतील. वनेटा म्हणाली, मंगळवारी भरलीत. डार्ला पुन्हा भरायला लागली, तेव्हा हार्लनने गल्ल्यावरून वाकून तिच्या मनगटावर हात ठेवला. दुकानातलं बोलणं आपोआप बारीक झालं.

"डॅडी, काय झालंय तुला? वनेटा आंटीची काडतुसं आहेत ही."

"अगं, पोकळ नाकाची आहेत."

"मग?"

हार्लन वनेटाकडे बघेना. तो मुलीकडे बघत होता, जिला त्याने महिनाभर शिकवलं होतं की खांद्यावर मार, जागेवर बसेल. आता तिने तसंच मारलं असतं, आणि पहिल्याच दिवशी रक्ताचे चार थेंब बघत उभी राहिली असती.

"ती पिस्तुलासाठी असतात," तो म्हणाला. "कार्बाईनमधून मारलीस तर हाडावरच फुटतील. आत जाणारच नाहीत. हरीण पळेल आणि कुठेतरी दोन-तीन दिवस मरत पडेल. खांद्यावर तर मुळीच नको."

"हे तुला कधीपासून ठाऊक आहे?" वनेटाने विचारलं.

"तीस वर्षं बंदुका विकतोय मी, मला नाही ठाऊक असणार?" हे तो सवयीने बोलून गेला, दुकानदाराच्या ताठ्याने. आणि मग त्याने तोंड मिटलं.

वनेटाने पिशवीतून तिसरं खोकं काढलं. जुनं, कोपरे फाटलेलं. झाकणावर पेन्सिलीने लिहिलेलं हार्लनचं अक्षर: ऑर्व्हल, हरणासाठी. ते तिने व्हर्जिलच्या हातात दिलं. व्हर्जिलने वाचलं, उघडलं, एक काडतूस काढून डार्लाच्या पट्ट्यातल्याशेजारी धरलं. व्हर्जिलने डोक्यावरची टोपी काढली, आणि ती अडकवायला गेला तर हात त्या रंगवलेल्या पाटीवरच गेला. मग त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

वनेटाने डार्लाला पायरीवर चढवलं आणि नराच्या डाव्या खांद्यातल्या केसांत बोट घालायला सांगितलं. डार्लाने घातलं, चाचपलं आणि मोठ्याने मोजलं. सात.

"एकच गोळी म्हणायचास ना, हार्लन? मग हे सात टाके कशाचे?"

हार्लन खूप म्हातारा दिसायला लागला. म्हणाला, नर ओढ्यात पडला होता, उठता येत नव्हतं त्याला, कुणीतरी संपवायला हवंच होतं. हे खरं असावं. पण वनेटा त्याची सुटका करायला आलेली नव्हती.

"त्या मंगळवारी सकाळी ऑर्व्हल तुला वाटेत भेटला होता, त्यानेच मला सांगितलं," ती म्हणाली. "त्याला उत्तरेकडे शोध म्हणून कोणी पाठवलं? ओढा दक्षिणेला आहे."

हार्लन हळूच म्हणाला की तो नर त्याला हवा होता. बस. एवढंच त्याच्याकडे होतं. अकरा वर्षांपूर्वी एका माणसाला जनावराच्या शिंगांचा मोह पडला, आणि दुसऱ्या माणसाने उरलेलं आयुष्य मान खाली घालून काढलं.

व्हर्जिलने ऑर्व्हलची शेपटी स्वतःच्या हाताने खिळ्यावरून काढली, धूळ झटकली आणि वनेटाला दिली. त्यानेच सगळ्यांत जास्त टोमणे मारले होते. वनेटाने पिशवीतून कात्री काढली, कारखान्यातली, चामडं कापायची, दहा इंची. एकच शब्द म्हणाली: वळ. हार्लन वळला. शर्ट त्याच्या पँटमध्ये घट्ट खोचलेला होता आणि कुणीच पुढे येईना. तेव्हा डार्ला पायरीवरून उतरली, बापाच्या मागे गेली, शर्ट बाहेर ओढला आणि वनेटाला कापायला सोपं जावं म्हणून दोन्ही हातांनी ताणून धरला.

त्याच खिळ्यावर वनेटाने तो तुकडा ठोकला. तारीख तिने आजची नाही लिहिली, तेव्हाची लिहिली. मग पिशवीतून चौथं खोकं काढलं, भरीव नाकाचं, डार्लाच्या नावाचं. ते पहिल्यापासून तिच्यासाठीच होतं. पोकळ नाकाची सगळी तिने परत मोजून घेतली, एकही दुकानात राहू दिलं नाही.

वनेटाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. घरी जाऊन तिने ऊन होतं तोवर खिडकीत बसून ती शेपटी शर्टाला पुन्हा जोडली. अकरा वर्षं भिंतीवर राहून तुकड्याचा रंग उडाला होता, शर्टाचा तसाच होता, त्यामुळे जोड लांबून दिसायचा. तिने तो लपवला नाही. शनिवारी तोच शर्ट घालून ती कड्यावर गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. रविवारी डार्लाने एक मादी पाडली. खांद्यावर मारली, वीस पावलांत बसली. तिने मांसाचा एक वाटा वनेटाच्या दारात ठेवला आणि आत न येता गेली.

मंगळवारी हार्लन आला. टोपी हातात, शर्ट नवा. म्हणाला, मी कबूल केलं, सगळ्या गावाने ऐकलं, डार्ला माझ्याशी धड बोलत नाही. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्या खिळ्याकडे बघतं. आता पुरे कर, ती उतरव. तू सांगितल्याशिवाय व्हर्जिल कुणाला हात लावू देत नाही. वनेटाने ओट्यावर हरणाचं मांस चिरायला घेतलं होतं. तिने सुरी पुसली, बाजूला ठेवली आणि त्याचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"ऑर्व्हलची अकरा वर्षं होती," ती म्हणाली. "तुझीही अकरा वर्षं राहील. एक दिवस जास्त नाही, मी स्वतः येऊन उतरवीन. तू आता चौऱ्याहत्तरचा आहेस ना? मग प्रकृतीला जप, हार्लन."

आणि दार लावून ती पुन्हा मांस चिरायला बसली.